पंपाचा रिले

बुऱ्हाणपूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुपालीताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, भूमिकाला मामाचा पापा. तू नाशिकला पोचल्याचा फोन आईने घेतला तेव्हा मी दुकानात होतो. खरं तर फोन येईल म्हणूनच दुकानात बसून राहिलो होतो.

बाबा बरे आहेत. पेसमेकरच्या जागचे टाके काढले, जखम कोरडी आहे. उजव्या मनगटाचं प्लास्टर अजून आहे. डाव्या हाताने जेवताना कुरकुर करतात आणि आई भरवायला गेली की जास्तच कुरकुर करतात. परवा पायरीवर बसून शेजाऱ्यांशी केळीच्या भावावरून वाद घातला. म्हणजे बरे आहेतच.

थंडी सुरू झाली आहे. आईने तुझ्यासाठी तूर बाजूला काढून ठेवली आहे, कोणी येणारं असलं की पाठवतो.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला? फोन आला की आई स्पीकरवर टाकते हे एक कारण. दुसरं असं की भाऊबीजेला ओवाळताना तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबांना भूषणने सांभाळलं, असा भाऊ सगळ्यांना मिळो." आईने डोळे पुसले. मी ताटाकडे बघत बसलो. ते खरं नाही, ताई.

गाडीचं तुला अर्धवटच माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

बाबांच्या जुन्या पेट्रोलच्या ट्रकला कार्बोरेटरचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. गाडी भंगारात घाला असं मी म्हणालो, तर बाबा माझ्याशी बोलेनात. तेव्हा जैनाबादच्या गजाननकाकांनी मार्ग काढला. त्यांनी एका अपघातातल्या गाडीचं, कार्बोरेटर न लागणारं इंजेक्शनवालं इंजिन आणलं आणि वायरिंग, इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम, टाकीतला पंप, सगळं आपल्या ट्रकमध्ये बसवलं. बाबा रोज नदी ओलांडून त्यांच्या गॅरेजात जाऊन बसायचे. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा दोघांनी एकमेकांना पेढा भरवला. बाबा म्हणाले, "आवाजच नाही रे हिला! चालू आहे का बंद, समजत नाही."

पुढे गाडी तापली की खड्ड्यात बंद पडायला लागली. काकांनी पंपाचं प्रेशर मोजलं, सेन्सर बदलून पाहिले. मोबाइल दुरुस्त करणारा माणूस मी, माझ्याकडे मीटर आहे, मीही शोधत होतो. शेवटी मलाच सापडलं. रंगवाल्याने चेसिसवरची अर्थिंगची वायर काढली होती आणि रंग दिल्यावर रंगावरच परत आवळली होती, त्यामुळे करंट मधेच तुटायचा. मी रंग खरवडला, बोल्ट घट्ट केला. असीरगडचा घाट चढवून आणली, एकदाही बंद पडली नाही. बाबांनी इतवारा बाजारात सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

गाडीची खराबी तिथेच संपली होती, ताई. पुढचं सगळं मी केलं.

गणपतीनंतर आम्ही खकनारहून केळी घेऊन येत होतो. बाबा चालवत होते, कुठल्याशा व्यापाऱ्याचं काहीतरी सांगत होते. बोलता बोलता गप्प झाले. मी पाहिलं तर मान छातीवर पडलेली. समोर नाल्याचा पूल होता. मी स्टीअरिंग ओढलं आणि गाडी कपाशीच्या शेतात जाऊन थांबली. घटकाभराने त्यांनी डोळे उघडले आणि मलाच विचारलं, "गाडी शेतात कशी?"

मी सांगितलं. त्यांनी वळून पुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "डुलकी लागली असेल. घरी बोलू नको. रुपालीला तर बिल्कुल नाही."

दवाखान्यात चला म्हणायला हवं होतं. एकदा म्हणालो, त्यांनी झटकून टाकलं आणि मी सोडून दिलं. खरं सांगू? त्यांच्याशी भांडायची मला भीती वाटते, अजूनही. आणि डॉक्टर काय सांगतील त्याची त्याहून जास्त वाटत होती. पण गाडी चालवू द्यायची नव्हती. म्हणून सोपी वाट धरली.

टाकीतल्या पंपाला करंट देणारी एक छोटी डबी असते, तिला रिले म्हणतात. ती जराशी वर ओढून ठेवली की दिसायला जागेवर दिसते, पण पंप फिरत नाही. गाडी नुसती घरघरते, चालू होत नाही. बाबा उठायच्या आधी मी ती ओढून ठेवायचो.

बाबांना वाटलं, जुनंच दुखणं परत आलं. त्यांनी काकांना बोलावलं. काका येणार म्हटलं की मी आधी जाऊन रिले दाबून ठेवायचो, कारण त्यांनी तो क्षणात पकडला असता. त्यांच्यासमोर गाडी पहिल्या चावीत चालू व्हायची. ते गेले की मी परत ओढायचो.

काका गॅरेज बंद ठेवून यायचे. स्कॅनर लावायचे, एकेक वायर हाताने चाचपायचे, पाठीवर झोपून गाडीखाली शिरायचे. मी त्यांना चहा नेऊन द्यायचो. "भूषण, तू शिकलेला आहेस, तुला काय वाटतं?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "काका, समजत नाही." आईशप्पथ, त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायचो.

बाबा एकदा मला म्हणाले, "त्याच्या हातात चालू होते, माझ्याच हातात होत नाही. माझ्या हाताला काय झालं रे?" दुसऱ्या दिवशी पहाटे मी रिले परत ओढून ठेवला.

मग एक दिवस इतवाऱ्यात, भर चहाच्या टपरीवर, बाबांनी काकांना सुनावलं. "गजानन, माझ्या चांगल्या गाडीचं वाटोळं केलंस तू. येत नव्हतं तर हात कशाला लावलास? माझ्या दाराशी येऊ नको." चार लोक ऐकत होते. काका फक्त म्हणाले, "नामदेवभाऊ, मी अजून एकदा पाहतो ना." बाबा उठून निघून आले. मी टपरीवरच होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दसऱ्याच्या आसपास बाबा अंगणात बॉनेट उघडून एकटेच खराबी शोधत होते. तिथेच शुद्ध हरपून पडले, मनगट मोडलं. आपण जळगावला नेलं ते तुला माहीत आहे. हृदयाचे ठोके मधेच थांबतात, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्यासमोर त्यांनी मला विचारलं होतं, "आधी कधी अशी शुद्ध गेली होती का?" मी "नाही" म्हणालो होतो. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास, घाबरू नको म्हणालीस.

नंतर एकटा गाठून मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तेव्हाच आणायला हवं होतं. पुलाआधीच गाडी वळली हे नशीब समजा." ताई, मी बाबांना गाडीपासून वाचवत होतो, असं स्वतःला सांगत होतो. आजार त्यांच्या छातीत होता आणि मी तो तसाच ठेवून गाडीचं नाटक करत बसलो.

तू गेल्यावर मी जैनाबादला गेलो आणि काकांना सगळं सांगितलं. ते पाना पुसत ऐकत होते. मला वाटलं, फेकून मारतील. ते म्हणाले, "मी रात्ररात्र झोपलो नाही रे. वाटायचं, आता वय झालं, सोडून द्यावं काम." मग म्हणाले, "मला सांगितलंस, ठीक आहे. आता नामदेवभाऊला सांग. मी सांगणार नाही."

काल बाबांना सांगितलं. पायरीवर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी काढ." ते शेजारच्या सीटवर बसले. पुलावरून जाताना नदीकडे बघत राहिले. गॅरेजपाशी मी थांबलो. प्लास्टरचा हात सांभाळत ते स्वतः उतरले, गिऱ्हाइकांदेखत काकांसमोर गेले, आणि दोन्ही हात नीट जुळेनात तरी जोडले. "गजानन, माझं चुकलं. चार लोकांत बोललो, चार लोकांत माफी मागतो." काकांनी त्यांचे हात धरले. "भाऊ, असं नका करू." दोघं रडले. माझं नाव बाबांनी घेतलं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत येताना मीच म्हणालो, "बाबा, बोला काहीतरी."

ते म्हणाले, "मी मरेन म्हणून घाबरला होतास ना?"

"हो."

"मग तेच सांगायचं होतं. भांडलो असतो, ओरडलो असतो, पण आलो असतो रे दवाखान्यात."

आले असते की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना ती संधीच दिली नाही. घराशी उतरताना म्हणाले, "रुपालीला मी नाही सांगणार. ते तुझं काम."

म्हणून हे पत्र. आईला अजून काही माहीत नाही. हे पाकीट टाकून आलो की आज तिलाही सांगणार आहे. तू रागावशील, फोन करशील तर मीच उचलेन, दुकानात लपणार नाही. आणि लगेच बोलावंसं वाटलं नाही, तर तेही मला कबूल आहे.

बाबांनी डुलकी म्हटलं, तेव्हाच ज्याने तुला फोन करायला हवा होता, तो तुझा धाकटा भाऊ,

भूषण