निळं पनीर

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता भंडाऱ्याजवळ एका पनीरच्या कारखान्यात माल तपासते. पनीर टिकावं म्हणून आम्ही त्यात एक पावडर घालतो. दह्यात असतात तसल्याच जंतूंनी ती बनवलेली असते आणि पनीर नासवणाऱ्या काही जंतूंना ती वाढू देत नाही. तुला यात नवल वाटलं नसतं. दुधापेक्षा दही जास्त टिकतं, हे तुला कोणी शिकवलं नव्हतं.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते, तू चिखलात, शेतातल्या बांधीत होतीस आणि मी दूध तापवायला विसरले. वास यायला लागला तसं मी घाईने विरजण घातलं. वाटलं, दही लागलं की कळणार नाही. संध्याकाळी पाहुणे जेवायला बसले, तू दह्याने भरलेला गंज नाकाशी नेलास आणि सगळं परसात ओतून आलीस. "विरजण चांगल्या दुधाले राखते, नासलेल्याले नाही. लोकाइच्या पोटाशी काहून खेळतेस?" पाहुण्यांसमोर बोललीस, म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

यंदाच्या मे महिन्यात एका सकाळी वीज गेली, जनरेटरही सुरू होईना. शीतखोली पाच तास बंद होती. आत एकोडी गावच्या लग्नाचं पनीर, तीन पेट्या. गाडी दारात उभी. मी पेटीत हात घालते तर पनीर कोमट, आणि वरच्या नळीवरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी पेट्यांत टपकलेलं. प्रत्येक पेटीतला नमुना मी जंतू वाढवून पाहायच्या तपासणीच्या प्लेटांवर लावला.

"मॅडम, पावडर हाय न त्यात," मालक म्हणाले. "सही करा."

"ते पावडर साऱ्याच जंतूइले नाही थांबवत. घाण पाण्यातले तिले जुमानत नाहीत. उद्या दुपारी प्लेटा पाहून सांगते."

"लग्न आज हाय. तुमची सही नसली तरी माल जाईन."

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. त्याने पहिली पेटी उचलायला हात लावला. दूध तपासायच्या निळ्या रंगाची बाटली टेबलावर होती. ती मी तिन्ही पेट्यांत रिकामी केली. मालकांनी पेट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नवरीच्या वडिलांना फोन लावला. लग्नात वांग्याची भाजी झाली म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्लेटा काढल्या. घाणीचे जंतू असते तर लाल ठिपके दिसले असते. तिन्ही प्लेटा कोऱ्या होत्या. मी त्या उजेडात धरून पुन्हा पाहिल्या. तेवढ्यात मालक दारात आले.

"काय निघालं?"

"ठिपके आहेत," मी म्हणाले, आणि प्लेटा उकळायच्या भांड्यात टाकल्या.

हे कोणालाच माहीत नाही. आई, तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.