ओसरीचा खांब

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज आपल्या ओसरीचा खांब आठवतो आहे. कापूस वेचायला जाताना तू मला जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्याला बांधून जायचीस. मी एका जागी ठरतच नव्हतो. एकदा विहिरीत पडता पडता वाचलो होतो. संध्याकाळी सोडताना म्हणायचीस, "कोनाले सांगू नको बाप्पा, लोकं हासतीन."

नाही सांगितलं. शाळा मधेच सुटली, जमेल तसं आपलं आपण वाचायला शिकलो, जेलात शिपाई झालो. फेऱ्या मारायची नोकरी, मला मानवली. कापसाच्या त्या वाईट वर्षांत रोज कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची. ऐकून ऐकून आत काही हलेनासं झालं होतं. त्याच दिवसांत बराकीत एक तिशीचा कैदी आला. गिनतीला सगळे जोडीजोडीने उकिडवे बसतात, हा मध्येच उठतो. गिनती पुन्हा पहिल्यापासून. जोडीदार खेकसतो, "बूड भाजते का रे तुहं?" साहेब त्याला पुन्हा एकट्या कोठडीत टाकायला निघाले होते. मागच्या वेळी तिथे त्याने भिंतीवर डोकं फोडून घेतलं होतं.

मग मनाच्या आजारांचे डॉक्टर आले. म्हणाले, हा माज नसेल, मेंदूची जडणच जन्मापासून वेगळी असेल. औषध आहे, पण लहानपणी कसा होता ते घरच्या कुणी सांगायला हवं. घरच्यांनी भेटायच्या, मुलाखतीच्या दिवशी आर्णीकडून त्याची माय आली. जाळीपलीकडून म्हणाली, "लय गुनाचा होता साहेब. बसवला तिथी बसे." खरं बोललं तर पोराची केस वाढेल, असं तिला वाटलं. डॉक्टरांनी पेन बंद केलं.

मी बोलून गेलो, "बाई, माही माय मले खांबाले बांधे."

ती जाळीला खेटली. मग हळूच म्हणाली, "मी तं याले खाटेले बांधत होती." आणि पुढचं सगळं सांगितलं.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही त्याला रांगेच्या टोकाला बसवू लागलो, हातात चाळ्याला सुतळीचा तुकडा देऊन. एका सकाळी तो गिनती संपेपर्यंत बसला. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसता आकडा साहेबांना सांगितला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कोणी तपासलं का कधी?" मी म्हणालो, "माह्यं काय, मी बरा हाव."

तुझं गुपित मी जाळीपाशी उघडं केलं, माय. कोणी हसलं नाही. हा कागद कुठे धाडणार, घडी करून उशीखाली ठेवतो. आणि खरं सांगू? एवढंसं लिहायला सकाळपासून बसलो आहे. मधे अंगणात किती चकरा मारल्या, ते तुला सांगायला नको.