बत्तीस दातांचा गिअर

रविवार, संध्याकाळ. जयनगर.

तो स्टीलचा गिअर शेवटी बसलाच नाही. अण्णाच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकमधला प्लास्टिकचा गिअर झिजला, म्हणून मोठ्या तोऱ्यात मीच ऑनलाइन मागवला होता. जुन्याचे दात दोनदा मोजले, बत्तीस. नव्याचेही बत्तीस. पण एकेक दात केवढा आहे, ते बघितलंच नाही. धन्य आहे माझी!

अण्णा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने कारखान्यात असलेच गिअर कापले. हल्ली त्याला बारीक दिसत नाही. आज त्याने दोन्ही गिअरवर नुसतं नख फिरवलं आणि दात लहानमोठे आहेत हे ओळखलं. मग त्याच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाला, "सरी, ठीक आहे, राहू दे. जुनाच बसव, स्वल्प, जरा हळू चालवू."

रागावला असता तर बरं झालं असतं.

बत्तीस दात दोनदा मोजले, पण त्याला एकदाही विचारलं नाही. का? दिसत नाही म्हणजे कळतही नाही, असं धरून चालले होते की काय मी?

उद्या त्याला यशवंतपूरला, त्याच्या जुन्या कारखान्यात नेणार. तिथे गिअर कापून देतात. माप तोच घेईल. मी फक्त आकडा वाचून दाखवीन.