भिंगरीच्या चाचणीचा खरा शेरा

१७ तारीख, रविवार
सकाळ

चि. भिंगरी हिस,

अनेक आशीर्वाद. सध्या नको असतील तर मावशीकडे ठेव, मी सवडीने परत घेऊन जाईन. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार. तुझी आई दर दोन दिवसांनी तिकडे जाऊन येते आणि आल्यावर मला एक शब्द सांगत नाही, त्यावरून मी तसा अर्थ काढलाय.

हे पत्र रविवारी, घरच्या कागदावर, घरच्या पेनाने लिहितोय. नोंद असावी.

आधी ऑफिसच्या बातम्या. एकचाकीवाल्यांची रांग आता जिन्यापर्यंत येते. इलेक्ट्रिक एकचाकीला लायसन्स सक्तीचं केलं तेव्हा वरच्यांना वाटलं होतं की गावात अशी दोन-चार टाळकी असतील. निघाली दीडशे. हेल्मेट, चमकतं जाकीट, ताशी पंचवीसची मर्यादा, फुटपाथवर बंदी, हे सगळं लोकांनी निमूट ऐकलं. पण परिपत्रकात पुढे म्हटलंय, ‘नंबरप्लेट पुढे एक व मागे एक’. नुसत्या चाकाला पुढचं-मागचं कुठून आणायचं? तो उंच गवंडी आठवतो ना, तुझ्याच तुकडीतला? तो परवा एक पाटी छातीवर आणि एक पाठीवर बांधून आला. खिडकीवरचे कारकून म्हणाले, “एवढ्या मोठ्या आकड्याचं टोकन आम्ही देत नाही, खाली जाऊन बदलून आणा.” बिचारा खाली जाऊनही आला.

आता तुझ्या चाचणीचं. तुला सगळं माहीत आहे, पण मला क्रमाने सांगायची सवय आहे, सहन कर.

पहिल्या वेळी आमच्याकडे एकचाकीचा फॉर्मच नव्हता, म्हणून दुचाकीचा वापरला. त्यात सहावा रकाना, ‘रेषेवर पूर्ण थांबणे’. सातवा रकाना, ‘पाय जमिनीला न टेकणे’. अकरा जण आले आणि अकराच्या अकरा नापास झाले. जेवताना तू म्हणालीस, “बाबा, थांबले तर सातव्यात नापास, नाही थांबले तर सहाव्यात. मग मी करू काय, हवेत लटकू?” मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी मी वरच्या ऑफिसला चार पानी पत्र लिहिलं. तुला बोललो नाही. आईला बोललो, म्हणजे तुला कळलंच असेल. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, एकचाकीपुरता सातवा रकाना रद्द. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सांगण्यावरून बदललेला हा एकुलता एक नियम. शिपायाने स्वतःहून चहा आणला.

मग दुसरी चाचणी. आमच्या दुसऱ्या परीक्षक मॅडम गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, त्यामुळे परीक्षक मी एकटाच. दहा जण पास झाले. गवंड्याने दोन शंकू पाडले आणि तिसऱ्याशी हुज्जत घातली, तोही पास, कारण दोन चालतात. नापास तू एकटी. शेरा: ‘वळताना हाताने इशारा केला नाही.’

तू विचारलंस, “कोणत्या वळणावर?”

मी म्हणालो, “शेऱ्यात लिहिलंय.”

“शेऱ्यात वळण लिहिलेलं नाही, बाबा.”

त्या संध्याकाळी तुझी हत्यारांची बॅग मावशीकडे गेली. आज बावीस दिवस झाले.

बाकी, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. आता गळत नाही, आता येतच नाही.

सोमवारी आपली लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर दोन मजल्यांच्या मधे अडकले. तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीने गाडीतून माणूस पाठवला, तो सव्वा तास सिग्नलवर. मास्तर जाळीतून मला म्हणाले, “तुमची मुलगी कुठाय? ती तिच्या चाकावरून अकरा मिनिटांत येते, मी मोजलंय.” मी सांगितलं की ती सध्या ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घेते. “का?” म्हणाले. मी त्यांना जाळीतून पाणी हवंय का ते विचारत बसलो. चार वेळा विचारलं. या महिनाअखेरपर्यंत लायसन्स आलं नाही तर तुझ्या इमारती कायमच्या दुसऱ्याकडे जाणार, हे मला आईने नाही, त्या गाडीतून आलेल्या माणसाने सांगितलं. त्या त्यालाच मिळणार आहेत. भला माणूस आहे. त्याला आपला जिना सापडला नाही.

बुधवारी मी गवंड्याचं चाक मागून घेतलं आणि सकाळी सातला ऑफिसच्या चाचणी मैदानावर चढून बघितलं. मैदान सार्वजनिक रस्ता नाही, तेव्हा नियमभंग झालेला नाही. शिपायाने मागून पट्टा धरला होता. “साहेब, लायसन्स आहे का?” असं त्याने दोनदा विचारलं आणि स्वतःच हसला, आणि हसताना पट्टा सोडला. माझा हात मोडलेला नाही, मुरगळलाय. आई सांगेल तेव्हा तिचं वर्णन निम्मं करून घे.

आई हाताला पट्टी बांधत म्हणाली, “अहो, या वयात हे कशासाठी?” मी म्हणालो, नियमाचा अभ्यास. तिने पट्टीची गाठ आवळली आणि एकदम म्हणाली, “तुम्ही तिला चालवताना बघितलंत तरी का त्या दिवशी?”

तीन पानं झाली, इथवर येता येता.

नाही बघितलं, भिंगरी. तू पहिल्या वळणाला झुकलीस आणि मी तोंड फिरवलं. समोर भिंतीवर हेल्मेटची जाहिरात आहे, ती वाचत उभा राहिलो. मागे चाकाचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा वळलो, तर तू रेषेवर एक पाय टेकून उभी, हसत. आणि माझ्या हातात कोरा फॉर्म. न बघता पास केलं असतं तर ते स्वतःच्या लेकीला झुकतं माप झालं असतं. म्हणून मी न बघता नापास केलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला हे अगदी न्यायाचं वाटलं. इशाऱ्याचं मी मनाने लिहिलं. सत्तावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून परीक्षा घेतल्या, त्यातला पहिला खोटा शेरा तुझ्या वाट्याला आला.

तू पाच वर्षांची असताना मी उतारावर तुझी सायकल सोडली होती. हनुवटीला तीन टाके पडले. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर, मी अजून त्याच उतारावर. तू सकाळी कामाला निघतेस तेव्हा मी नेमका दाढी करायला आत जातो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दाढी मी त्याआधीच केलेली असते. मला भीती वाटते, बाकी काही नाही. ती माझी भीती होती, ती मी तुझ्या फॉर्मवर लिहायला नको होती.

शुक्रवारी साहेबांना लेखी दिलं: ‘सदर उमेदवाराची चाचणी परीक्षकाने पाहिलेली नाही. शेरा खोटा आहे. निकाल रद्द करावा.’ साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “अहो, लिहिता कशाला? गुपचूप दुसरी तारीख दिली असती.” मी म्हटलं, मग तिचा इशारा चुकला असंच कागदावर राहिलं असतं. आता माझी चौकशी व्हायची आहे. तोवर मला मैदानावरून काढून खिडकीवर बसवलंय. उद्यापासून नंबरप्लेटच्या शंका मीच ऐकणार. गवंडी रोज येतो.

तुझी चाचणी गुरुवारी, सकाळी दहाला. घेणार मॅडम. त्या तुला ओळखत नाहीत आणि ओळखायची त्यांची इच्छाही दिसत नाही. चुकलीस तर नापास करतील, आणि कोणत्या वळणावर तेही लिहितील.

मी गुरुवारी अर्धी रजा टाकली आहे. बाहेरच्यांना पिवळ्या दोरीमागे उभं राहता येतं. तू नको म्हणालीस तर येणार नाही, आईकडे तसा निरोप दे. हो म्हणालीस तर पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत बघेन. पडलीस तरी बघेन.

माफी माग असं मला कोणी सांगितलेलं नाही. मागतोय.

तुझा
बाबा

(हुद्दा लिहिलेला नाही. मुद्दाम.)