पहिला बर्फ पडण्यापूर्वी बिऱ्हाड हलवू देण्याबाबत

प्रति,
माननीय प्रमुख,
बातम्या व कार्यक्रम विभाग,
परदेशी मदतसंस्था समन्वय मंडळ,
उलानबातर.

अर्जदार : चोइजिल, सोदनोमचा मुलगा, निवृत्त ग्रंथपाल, हल्ली मुक्काम हार्गानात ओढ्याचा काठ, अर्खांगाई प्रांत.

विषय : आमचे राहते घर आपल्या 'आगामी कार्यक्रम' या सदरातून वगळून आम्हाला हिवाळी तळावर जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले वार्तापत्र, ऑक्टोबरचा अंक, शेवटचे पान.
२) खिंडीमागच्या शिखरांवर दिसू लागलेला बर्फ.

महोदय अथवा महोदया,

आपला शरद कसा चालला आहे? जनावरे असल्यास हिवाळ्यापुरती अंगाने भरली आहेत ना? आमचा शरद छान चालला आहे.

हे शेवटचे वाक्य कृपया कोठेही उतरवून घेऊ नये. आपण राजधानीत राहता, तरी आपल्या आजोळी ही रीत असेलच. कोणी ऋतू विचारला की पहिले उत्तर 'छान' असेच द्यायचे असते, मग घोडा मेलेला असो की घरात माणूस आजारी असो. खरे काय ते चहाचा दुसरा वाडगा झाल्यावर सांगायचे. आपल्या संस्थांचे लोक पहिल्या वाडग्यालाच वही मिटतात. त्यामुळे आम्ही आपल्या कागदोपत्री गेले वर्षभर अत्यंत समाधानी आहोत. हा अर्ज आपण दुसऱ्या वाडग्यानंतर वाचत आहात असे समजून पुढे लिहितो.

मी तालुक्याच्या ग्रंथालयात आयुष्य काढले. ग्रंथालय बंद झाले तेव्हा शेगडीत जाण्याच्या बेतात असलेली दोन पेट्या पुस्तके मी बायकोच्या तळावर घेऊन आलो. जनावरे तिची आहेत. मला जनावरांतले फारसे कळत नाही आणि पुस्तकांतलेही आता पूर्वीइतके कळते की नाही, याची शंका येते. हा अर्ज मी पूर्वी लिहून फाडलेला आहे, कारण यात कदाचित माझेच काही चुकत असावे. तसे असल्यास आधीच क्षमा मागून ठेवतो.

प्रकरणाची सुरुवात मागच्या उन्हाळ्यात झाली. आपल्या मंडळाची जीप वाट चुकून आमच्या गेरपाशी, म्हणजे आमच्या नमद्याच्या गोल घरापाशी, आली. आम्ही दोघे घोड्यांच्या दुधासाठी ओढ्यापलीकडे होतो. दाराला कुलूप नव्हते, चुलीवर चहा होता, सुकवलेले दही ताटात होते. जीपमधून आपल्या कार्यक्रम अधिकारी नोमिनबाई आणि हेनिंग नावाचे एक उंच परदेशी गृहस्थ उतरले. त्यांनी आत येऊन चहा घेतला, दही खाल्ले आणि माझी पुस्तके चाळली. यात गैर काहीच नाही. वाटसरूने असेच करायचे असते. आम्ही परतलो तेव्हा हेनिंगसाहेब चुलीजवळ झोपले होते. हांदसुरेनने, म्हणजे माझ्या पत्नीने, त्यांच्या पायांवर मेंढीचे कातडे घातले.

पुढच्या अंकात आपण छापले की, हार्गानात ओढ्याकाठी स्थानिकांनी स्वयंस्फूर्तीने चालवलेले माहिती केंद्र आढळून आले आहे, त्याला कुलूप नाही, वेळेचे बंधन नाही, ग्रंथसंग्रह आहे, अल्पोपाहार विनामूल्य मिळतो आणि विश्रांतीची सोय उत्तम आहे. केंद्राला माझे नाव दिले होते. हांदा म्हणाली, "म्हाताऱ्या, जन्मभर तुला कोणी विचारलं नाही, आता छापून विचारतायत. ऊठ, लाकडं आण."

तेव्हापासून आपल्या शेवटच्या पानावर आमचे घर आहे. कोणती संस्था कोणती, हे मला नीट ओळखता येत नाही. सगळ्यांच्या टोप्या सारख्याच असतात आणि पाहुण्याला तुम्ही कोण असे एकदम विचारता येत नाही. जूनमध्ये 'मेंढपाळ कुटुंबांवरील भेटींचा भार कमी करण्याचे उपाय' या विषयावर बैठक झाली. तिला इतक्या जीपा आल्या की, दक्षिणेकडचे कोकरांसाठी राखलेले गवत चाकांखाली गेले. भार असल्याचे सर्वांनी एकमताने मान्य केले आणि अधिक अभ्यासासाठी तीच बैठक तेथेच पुन्हा घेण्याचे ठरले. ती ऑगस्टमध्ये झाली.

जुलैत एक बाई ग्रामीण स्त्रियांचा वेळ कोठे जातो याचा अभ्यास करण्यास आल्या होत्या. हातात घड्याळ घेऊन त्या हांदाच्या मागे मागे हिंडत आणि प्रत्येक कामाला थांबवून प्रश्न विचारत. संध्याकाळी दूध काढायची वेळ टळून बकऱ्या ओरडू लागल्या, तेव्हा हांदाने त्यांना खाली बसवले. "बाई, तू धर हे आचळ. वेळ कुठे जातो ते मी उभी राहून बघते." बाई सालस होत्या, त्यांनी धरले. वार्तापत्रात त्यांचे दूध काढतानाचे छायाचित्र आले. खाली लिहिले होते, स्थानिक महिलांना दुग्धव्यवसायाचे प्रशिक्षण. हांदा त्यात मागे उभी आहे. प्रशिक्षणार्थी म्हणून.

ऑगस्टअखेर आमच्या गेरच्या शेजारी सिमेंटचे स्वच्छतागृह बांधण्यात आले. ते चांगले आहे. क्षितिजापर्यंत दुसरे एकही पक्के बांधकाम नसल्याने फार लांबून दिसते. दारावर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत आणि छपरावर घारी बसतात. त्यासोबतच्या करारात लाभार्थी कुटुंबाने पाच वर्षे वास्तूच्या निकट राहावे, असे कलम होते. आम्ही वर्षातून चार वेळा जागा बदलणारी माणसे आहोत, असे मी सांगणार होतो. पण सही घेणारा मुलगा पहिल्यांदा येत होता आणि त्याने आधी शरद कसा चाललाय असे विचारले. त्यावर काय उत्तर द्यावे लागते, हे मी वर लिहिलेच आहे. उत्तर पूर्ण होईपर्यंत लेखणी माझ्या हातात होती.

इथपर्यंत जे झाले त्याबद्दल माझी तक्रार नाही, किंवा असली तरी ती करण्याइतका मी धीट नाही. हा अर्ज पुढील कारणासाठी आहे.

आमचा हिवाळी तळ खिंडीपलीकडे डोंगराच्या आडोशाला आहे. तिथे दगडी गोठा आहे आणि उन्हाळाभर तोंड न लावलेले गवत आहे. येथे गवत उरलेले नाही. जे थोडे होते त्यावर तंबू ठोकून आपण आपत्तीपूर्व नियोजनाचा मेळावा घेतला. बर्फ साचला की खिंड बंद होते आणि मग मेंढरांना पलीकडे नेता येत नाही. चार हिवाळ्यांपूर्वी माझे गुडघे दुखत असल्याने आम्ही उशिरा निघालो होतो. त्या वसंतात अर्ध्याहून कमी जनावरे उरली. हांदाची एक तांबूस घोडी होती. तिचे नाव ती तेव्हापासून घेत नाही, आणि माझे गुडघे कसे आहेत हेही विचारत नाही. यंदा तसे झाले, तर आमच्याकडे मेंढपाळ म्हणवून घेण्यासारखे काही राहणार नाही. फक्त स्वच्छतागृह राहील.

म्हणून यंदा तिने लामांना विचारून दिवस काढून आणला. येता शुक्रवार. आणि आपल्या शेवटच्या पानावर त्याच शुक्रवारपासून सोमवारपर्यंत 'हिवाळ्यापूर्वी वेळेवर स्थलांतर' या विषयावरील राष्ट्रीय कार्यशाळा जाहीर झाली आहे. स्थळ, चोइजिल माहिती केंद्र. विशेष आकर्षण, प्रत्यक्ष मेंढपाळ कुटुंबाशी त्यांच्या घरात संवाद.

मी टेकडीवर चढलो, कारण फोनला तिथेच रेंज मिळते. नोमिनबाईंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "आजोबा, छान शरद काढताय ना?" मी छान म्हणालो. त्या म्हणाल्या की, ऐकून बरे वाटले, आणि फोन ठेवला. मी खाली आलो. हांदाने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा टेकडीकडे बोट दाखवले.

दुसऱ्या वेळी मी ऋतू विचारायची संधीच दिली नाही. आम्ही शुक्रवारी निघतो आहोत, एवढे एका दमात बोललो. नोमिनबाई कष्टाळू मुलगी आहेत, त्यांच्यावरही वरून दडपण असणार. मग काकुळतीने म्हणाल्या, "आजोबा, अहो, तुम्हीच वेळेवर निघून गेलात, तर वेळेवर निघण्याबद्दल बोलणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. जवळ असलेली पुस्तके पाहिली. आपणास सापडल्यास कळवावे.

त्यांनी एक तोडगाही सांगितला. कार्यशाळेच्या शेवटी आम्ही तातडीने स्थलांतर करावे, अशी शिफारस करण्यात येईल. तिला मंजुरी मिळाली की आम्ही निघू शकतो. मंजुरीची सभा मार्चमध्ये आहे.

हे मी घरी सांगितले. हांदा त्या वेळी गेरचे दोर सैल करून पाहत होती. तिने काम थांबवले नाही. म्हणाली, "तुझं केंद्र तू सांभाळ. मी घर घेऊन जाते. बर्फ काही तुमचं छापलेलं वाचत नाही." मी म्हणालो की, इतकी माणसे इतक्या लांबून येतील आणि चुलीवर चहा नसेल, हे बरे दिसणार नाही. ती वळली. मला वाटले रागावेल, पण ती विचारात पडली, कारण हे तिलाही मान्य आहे. तिच्या आईच्या दारातून कोणी कोरड्या तोंडाने गेलेले नाही. शेवटी म्हणाली, "पाहुण्यांना चहा न देता आलास, तर मला तोंड दाखवू नकोस. आणि चहा देत बसून खिंड बंद झाली, तरी दाखवू नकोस."

तेव्हा शुक्रवारी पहाटे घर, चूल आणि जनावरे खिंडीकडे जातील. मी पुस्तकांच्या पेट्या, थर्मास आणि आपण पाठवलेली केंद्राची पाटी घेऊन, गेर होता तिथल्या गवतावरील गोल खुणेच्या मध्यभागी बसेन. लांबून ते कसे दिसेल याची मला कल्पना आहे.

तरी माझ्या नम्र विनंत्या अशा :

एक, कार्यशाळा रद्द करावी, किंवा ज्यांना हिवाळ्यात कोठेही जायचे नसते अशा एखाद्या कुटुंबाकडे घ्यावी.

दोन, ते शक्य नसल्यास स्थळ म्हणून स्वच्छतागृहाची नोंद करावी. ते हलत नाही, करार त्याच्याच निकट राहण्याचा आहे, आणि देणगीदारांची नावे छायाचित्रात आपोआप येतील. मी माझी पुस्तके त्यातील कोरड्या बाजूस ठेवून जाण्यास तयार आहे. केंद्र पुस्तकांमुळे झाले, तेव्हा पुस्तके राहिली की केंद्र राहील. ती परत मिळाली नाहीत तरी चालेल, असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. मात्र घोडीपुढे पुस्तकांचे काही नाही, हे मला आता समजते. सध्या त्या बाजूला एक बकरी राहते. तिला हांदा नेणार आहे.

तीन, हा अर्ज यशोगाथा म्हणून छापू नये.

चार, वरील काहीच जमत नसल्यास, ज्या जीपा कार्यशाळेस येतील त्यांपैकी एकीने शुक्रवारी, पहिला चहा होताच, मला खिंडीच्या वरपर्यंत सोडावे. मी वजनाने हलका आहे आणि वाटेत बोलत नाही. पलीकडचा उतार मी पायी उतरेन. गुडघे छान आहेत.

हा अर्ज पाटी बसवण्यासाठी आलेल्या चालकासोबत पाठवत आहे. तो तिसरा वाडगा पीत आहे, म्हणून थांबतो.

आमच्याकडे पत्राच्या शेवटी घरी येण्याचे आमंत्रण दिल्याशिवाय सही करता येत नाही. मी पुष्कळ विचार केला, पण आमंत्रण टाळणे मला जमेना. तेव्हा आपण आमच्या हिवाळी तळावर अवश्य यावे. दार उघडेच असते. वाट अशी : खिंड उतरल्यावर डाव्या हाताला ▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬

आपल्यास तसदी दिल्याबद्दल ओशाळलेला व नम्र,

सो. चोइजिल
(केंद्रप्रमुख नव्हे)

हार्गानात ओढ्याचा काठ,
दिनांक : २२ ऑक्टोबर २०२४, मंगळवार.

सोबत : १) स्वच्छतागृहाच्या कराराची प्रत.
२) सुकवलेले दही, एक पिशवी. ही लाच नाही. रिकाम्या हाताने अर्ज करणे बरे वाटले नाही.

ता. क. अर्ज पाकिटात घालण्याआधी माझ्या पत्नीने वाचायला मागितला. वाटेच्या वर्णनावर तिने चुलीतल्या कोळशाने रेघ ओढली आहे. नंतर ती पहिल्या परिच्छेदावर गेली आणि 'छान' हा शब्द खोडून त्यावर 'वाईट' असे लिहिले. घोडी गेली त्या वसंतातही, शेजारी ऋतू विचारायला आले तेव्हा, ती दारात उभी राहून 'छान' म्हणाली होती. मी तिला 'वाईट' हा शब्द पहिल्या वाडग्याला वापरताना आजवर पाहिलेले नाही. मला वाचून भीती वाटली. आपणासही वाटावी, एवढीच खरे तर विनंती आहे.