हाताला रस्ता कळत नाही

प्रिय गडबड,

माझं सगळं बदललं ते तुझ्या बाबांनी गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वतः वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले, त्या सकाळी. बत्तीस वर्षं त्या गाडीचं स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं. तू मागे बसली होतीस. आरशातून डोळ्यांनीच मला थँक्यू म्हणालीस, आणि मी इतका हुरळून गेलो की लाज वाटायला पुढचे दोन दिवस लागले. एकदा वाटायला लागली ती मात्र आजतागायत गेलेली नाही. चार महिने झाले. रोज सकाळी त्यांना दुकानावर सोडतो, संध्याकाळी आणतो, तुमच्याकडे चहा पितो, तुझी आई मला जेवल्याशिवाय सोडत नाही. कॉलेज अर्धवट टाकलेल्या पोराला एवढं घर मिळतं, तर त्याने खूश असायला हवं ना? तू परवा विचारलंस, आजकाल गप्प का असतोस रे भडक्या. हे त्याचंच उत्तर आहे. समोर बसून देता येणार नाही, कारण तुझ्यासमोर चूक कबूल करायची वेळ आली की मी भांडायला लागतो. ते तुला माहीत आहे.

गाडीतलं तुला काही कळत नाही असं तूच म्हणतेस, म्हणून सोपं करून लिहितो. बाबांचा खांदा दुखायला लागला म्हणून त्यांनी आपली जुनी गाडी पॉवर स्टिअरिंग बसवायला आमच्या गॅरेजमध्ये दिली. मेस्त्रींनी ते काम माझ्यावर टाकलं, माझं पहिलं मोठं काम. स्टिअरिंग हलकं करणारा पंप एका नव्या गाडीचा होता, आपल्या हलक्या जुन्या गाडीला त्याचा जोर फार व्हायचा. त्याच्या झडपेत पातळ वॉशर घातले की तो जोर कमी होतो. मेस्त्री बजावून बाहेरगावी गेले होते: उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून खूश होऊ नकोस, रस्त्यावर काढ, वेगात बघ, आणि हाताला रस्ता कळेपर्यंत एकेक वॉशर घालत जा. दोन तरी लागतील.

मी एकही घातला नाही. तू बाबांबरोबर गाडी न्यायला येणार होतीस, आणि वॉशर नसताना ते स्टिअरिंग एका बोटावर फिरत होतं. तुला ते दाखवायचं होतं, बस्स. तू करंगळी लावून फिरवलंस आणि अशी हसलीस की शेजारच्या पंक्चरवाल्यानेही मान वर केली. बाबा मात्र कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले आणि म्हणाले, लोण्यासारखं फिरतंय खरं, पण हाताला रस्ता कळत नाही रे. चूक तिथेही सुधारता आली असती. अर्ध्या तासाचं काम. पण तुझ्यासमोर माझ्या कामात खोट काढली याचाच मला राग आला. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. काका, या वयात सवय व्हायला वेळ लागतोच. तू मला कोपराने ढोसलंस, ते हसले आणि गाडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या वळणावर सायकलवाला आडवा आला. बाबांनी बत्तीस वर्षं द्यायचे तेवढाच झटका स्टिअरिंगला दिला. गाडी दुप्पट वळली आणि भिंतीवर गेली. भुवईला चार टाके पडले, दार चेपलं, नशिबाने एवढंच. गाडी परत माझ्याकडेच आली. दार ठोकून सरळ करायच्या आधी, मेस्त्री जेवायला गेलेले बघून, मी दोन वॉशर घातले. मग रस्त्यावर काढली. चोख चालत होती.

आठवड्याने बाबा आले, स्वतः चालवून बघितली. परत येऊन उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून बघितलं. मग मला विचारलं, त्या दिवशी हे जास्त हलकं होतं ना रे? मी फडक्याने हात पुसत म्हणालो, नाही काका, मी हातही लावला नाही. तेच आहे. त्यांनी मान डोलावली. गाडी तर ठीक आहे, म्हणाले. म्हणजे माझेच हात गेले.

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. पण ज्या माणसाने अर्ध्या बाजाराच्या पाट्या पट्टी न लावता सरळ रेषेत रंगवल्या, त्याने ब्रश खाली ठेवला. दुकानात आता मशीनवर छापलेले बोर्ड घेतात. त्या दुरुस्त दारावर रंग चढला, पण गाडीच्या अंगावरून जाणारी लाल बारीक रेघ तिथे येऊन तुटते. ती त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली होती, आणि पुढे जोडायला तयार नाहीत. डॉक्टरांनी तीनदा तपासून सांगितलं, काही नाही झालेलं. तू म्हणालीस, बाबा, डॉक्टरांना काय कळतंय, तुम्ही आता आराम करा, हा आहे ना चालवायला. तू माझ्याकडे बोट दाखवलंस आणि मी मान हलवली. कितीदा सांगायचं ठरवलं. पण बाबा गाडी चालवायला लागले तर रोज तुमच्या घरी यायला मला कारण काय उरणार, हा हिशेब मी मनात करत होतो. वाईट वाटतं, पण खरं तेच आहे.

काल चहा झाल्यावर बाबांनी कागद पुढे ठेवले. गाडी माझ्या नावावर करायची आहे. ते म्हणाले, माझ्यानंतर ती ज्याच्या हातात शोभते त्याला देतोय. फॉर्मवर माझं नाव मात्र तुझ्याकडून लिहून घेतलं, अक्षर बिघडेल म्हणून. तू लिहिताना लाजलीस. माझी सही बाकी आहे आणि मी ती करणार नाही. हे पत्र मेस्त्रींकडे ठेवतोय. त्यांना मघाशीच सगळं सांगितलं. तू पाचला गॅरेजवर मला घ्यायला येशील तेव्हा ते तुला देतील. तोवर मी तुझ्या बाबांसमोर उभा असेन आणि सांगून झालेलं असेल, की काका, तुमच्या हातांना काही झालेलं नाही. नंतर ते मला घरात ठेवतात की बाहेर काढतात ते त्यांनी ठरवावं, आणि तू तुझं. आता दोन वाजलेत, ते दुकानात एकटे असतील. आणखी लिहीत बसलो तर माझी हिंमत जाईल. पाकीट मेस्त्रींच्या हातात देतो, दार ओढून घेतो आणि चालतच निघतो.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
भडक्या