गेला तो कोपरा, दाढ नव्हे

सौ. विहीणबाईंना माझा मनापासून नमस्कार, व्याह्यांनाही तोच पोचवा.

गुडघा कसा आहे? आणि दाढ? तुमच्याही दाढेचा कोपरा गेला असं नातीकडून कळलं. (दोघींचं एकाच महिन्यात! सोयरीक जुळावी तर अशी.) अक्षर सांभाळून घ्या, शाळेने मला फार पुढे नेलं नाही.

माझा कोपरा अक्रोडाने नेला. नात म्हणाली, हातोडी आणू का? म्हटलं, हातोडी कशाला, आजी आहे ना. अक्रोड शाबूत राहिला. मग गेले मुलांच्या दवाखान्यात. पडद्याअलीकडे तुमचे चिरंजीव दात बघतात, पलीकडे माझी लेक; मी बसले अलीकडे. जावईबापूंसमोर मी आजवर मोठ्याने शिंकलेसुद्धा नाही. त्यांनी आरसा घालून पाहिलं नि म्हणाले, "आई, दाढ चारी बाजूंनी तासू आणि वर टोपी बसवू. पुन्हा बघायला नको." अहो, गेलाय एक कोपरा! बाकीची दाढ जन्मभर घासली ती काय तासायला? एक कौल फुटलं म्हणून भिंती पाडतं का कुणी? तोवर त्यांनी ते घरघरतं यंत्र उचललंसुद्धा. मी तोंड मिटलं. माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे (लग्नात तुम्हीच विचारलं होतंत, यांची बंद करायची कळ कुठे आहे), पण त्या दिवशी मिटलं ते मिटलं. "आई, आ करा." नाही. "आई, बाहेर लोक थांबलेत." थांबू देत. शेवटी गळ्यातल्या लाळेऱ्यासकट उतरले, पडद्यापलीकडे तुमच्या सुनेच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि तिथे हा एवढा मोठा आ केला.

लेकीने ठोकून, खरवडून पाहिलं. म्हणाली, "भिंती धडधाकट आहेत. गेलंय तेवढंच लावू." किडकं तेवढं काढलं, माप घेतलं, आणि पुढच्या खेपेला चिनी मातीचा इवलासा तुकडा निळ्या दिव्याखाली असा चिकटवला की माझी जीभ सांधा शोधून दमली. जावईबापू पडद्यावरून डोकावले, "निखळला तर माझ्याकडे येऊ नका." म्हटलं, निखळला तर पुन्हा चिकटवता येईल, तासलेलं तुम्ही कुठून आणून देणार? (हे मोठ्याने म्हटलं. पाठोपाठ शिंकलेही.)

तुमची,
अख्ख्या दाढेची विहीण

ता. क. गुरुवारी तुमच्या दाढेवर टोपी चढणार म्हणे. तोंड मिटा आणि पडद्यापलीकडे जा. सासूच्या तोंडात हात घालायला तुमची सून बिचकते, तेव्हा आ तुम्हीच करा. (भिंतीच पडक्या निघाल्या तर मुकाट टोपी घाला, मग माझं नाव नको.)

आणखी ता. क. चिरंजीव रागावले तर त्यांना फक्त आ करायला सांगा. त्यांच्या उजव्या दाढेलाही असाच तुकडा आहे, गेल्या वर्षी पडदा ओढून बायकोकडून चिकटवून घेतलेला. बघा कसं तोंड मिटतात ते.